कोंबडीचे वजन दिल्लीत किती?



वर्तमानपत्रात 'साखर लॉबी' हे दोन शब्द दिसले की आपल्याला चिमटा बसतो. जणू काही आपण ऊस पिकवत नाही, कट शिजवतो. खरे तर लॉबी म्हणजे सभागृहाबाहेरची ओसरी. आत कायदा व्हायचा असतो, आणि आत जाणाऱ्याच्या कानावर आपले गाऱ्हाणे घालायला माणसे त्या ओसरीवर उभी असतात. आपल्या साखर संघाची माणसे तिथे उभी असतात हे आम्ही कशाला नाकारू? पण त्या ओसरीवर आपल्या शेजारी आणखी कोण उभे आहे, हे मात्र आपण फारसे पाहिलेले नाही. आजचा पाठ त्या शेजाऱ्याचा आहे. तो कोंबडीवाला आहे.

गेल्या हंगामाआधी एका शिवार बैठकीत एका वयस्क सभासदाने आम्हाला विचारले, "उसाचा आणि कोंबडीचा संबंध काय हो? कोंबडी काय ऊस खाते?" लोक हसले. आम्हीही हसलो. घरी आल्यावर मात्र लक्षात आले की प्रश्न हसण्यावारी नेण्याचा नव्हता. कोंबडी ऊस खात नाही, पण मका खाते. मक्याचे इथेनॉल होते आणि उसाच्या रसाचेही इथेनॉल होते. धागा तिथे जुळतो. पण त्या धाग्यापर्यंत जायला सुरुवात आपल्या घराजवळून करू.

धुळ्याहून सुरतेकडे जाताना नवापूर लागते. तिथले रेल्वे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. या गावाभोवती रस्त्याच्या कडेने जाळीच्या लांबच लांब शेड दिसतात. अंड्याचा धंदा इथे मोठा. आपल्या जिल्ह्याचे नाव देशभर झाले ते दुर्दैवाने याच शेडमुळे. २००६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत नवापुरात पक्षी पटापट मरू लागले. ही राणीखेतची मर आहे, दरवर्षीचीच आहे, असे धंद्यातून सांगितले जात होते. १८ फेब्रुवारी २००६ रोजी भोपाळच्या प्रयोगशाळेचा निकाल जाहीर झाला : बर्ड फ्लू. भारतातला पहिला. मग मोठमोठे खड्डे, पांढरे अंगरखे घातलेली सरकारी पथके, पलीकडे गुजरातच्या उच्छल तालुक्यातही तेच. लाखो पक्षी पुरले गेले. माणसांचीही तपासणी झाली, पण रोग एकाही माणसात सापडला नाही. तरी महिना-दोन महिने देशात कोंबडी कोणी खाईना. जिथे रोग नव्हता तिथलीही शेडे बुडाली.

आता पाहण्यासारखे पुढेच आहे. हा धंदा रडत बसला नाही. चिकन शिजवून खाल्ले तर धोका नाही, हे सांगण्यासाठी ठिकठिकाणी चिकन-अंड्याचे मेळावे झाले, पुढाऱ्यांना लोकांसमोर तंगडी खायला लावले, त्याचे फोटो छापून आणले. आणि एकीकडे दिल्लीत कर्जाचा प्रश्न लावून धरला. थोड्याच आठवड्यांत रिझर्व्ह बँकेने बँकांना कळवले की कुक्कुटपालनाची देणी मुदत कर्जात फिरवा, पहिले वर्षभर वसुलीचा तगादा नको. वर केंद्र सरकारने व्याजात चार टक्क्यांची एकवेळची सवलत दिली. अवर्षणाच्या साली आपल्या पीक कर्जाचे पुनर्गठन व्हायला किती चपला झिजवाव्या लागतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. यांना ते इतक्या लवकर कसे जमले?

याचे उत्तर धंद्याच्या बांधणीत आहे. ही बांधणी उसाच्या उदाहरणाने चांगली समजते.

आपण को ८६०३२ लावतो. ही जात सरकारी संशोधनातून आली. एकदा बेणे आणले की पुढे आपल्याच मळ्यातली दोन डोळ्यांची टिपरी लावा, आई तशी लेक. शेजाऱ्याला द्या, मेव्हण्याला द्या, कोणी विचारत नाही. कोंबडीचे तसे नाही. आज बाजारात सहा आठवड्यांत दोन किलोवर जाणारी जी ब्रॉयलर आहे, ती चार वेगवेगळ्या घराण्यांच्या संकरातून आलेली असते. तिला वाढवून तिची पिल्ले काढली तर ती तशी निपजत नाहीत. म्हणून शेडवाल्याला प्रत्येक बॅचला पिल्लू विकतच आणावे लागते. ते पिल्लू येते हॅचरीतून. हॅचरीला अंडी देतो आई-पिढीचा कळप. आई-पिढी येते आजी-पिढीतून, आणि आजी-पिढीच्या वर मूळ घराणी. आईच्या पातळीवरची एक कोंबडी उभ्या आयुष्यात सव्वाशे-दीडशे पिल्ले देते, म्हणजे एका आजीच्या पोटी नातवंडे हजारांनी मोजायची. तेव्हा सगळ्या देशाला पुरतील इतकी पिल्ले काढायला वरच्या पातळीवर फार थोडे कळप पुरतात, आणि ते कळप फार थोड्या मालकांकडे असतात. जगाचा हिशेब केला तर ब्रॉयलरची मूळ घराणी मुख्यतः दोन गटांच्या हातात आहेत, एव्हियाजेन आणि कॉब. अंड्याच्या कोंबडीचेही जवळपास तसेच.

पिरॅमिडचे चित्र डोळ्यासमोर आणा. पायथ्याला लाखो शेडवाले, मधे हॅचऱ्या, शिखरावर हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढी घरे. शिखरावरच्या माणसांना एका टेबलाभोवती बसायला वेळ लागत नाही. सगळ्यांचे एकमत दुपारच्या चहापर्यंत होते. आपल्या वार्षिक सभेत अहवाल वाचून मंजूर व्हायला किती वेळ जातो ते आठवा!

आपल्या महाराष्ट्रातले शिखर पुण्याला आहे. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली वेंकटेश्वरा हॅचरीज काढली. परदेशी घराण्यांशी करार करून मूळ पिढीचे काम त्यांनी भारतात आणले. त्याच्याही पेक्षा मोठे काम त्यांनी १९८२ साली केले. त्या सुमारास अंड्याचा भाव मोठ्या शहरातले व्यापारी ठरवत. उत्पादन खर्चसुद्धा निघत नव्हता, शेडे बंद पडत होती. रावांनी गावोगाव फिरून अंडी उत्पादकांना एकत्र केले आणि राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी केली. नेक म्हणून ती ओळखली जाते. माल आमचा तर भावही आम्हीच सांगणार, हा तिचा मंत्र. तेव्हापासून ही समिती दररोज विभागवार शंभर अंड्यांचा भाव जाहीर करते. रविवार असो की सोमवार, अंडी खा म्हणणारी दूरदर्शनवरची ती जाहिरातही तिचीच. ती ज्याने पाहिली नाही असा माणूस विरळा.

सहकाराच्या माणसाने या कामाला हात जोडलेच पाहिजेत. दलालाच्या हातून भाव काढून घेणे म्हणजे काय, हे विठ्ठलराव विखे आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या वारसांना सांगायला नको. मात्र एक फरक ध्यानात ठेवा. आपल्या कारखान्यात अध्यक्षालाही एक मत आणि दोन एकरवाल्यालाही एक मत. कोंबडीच्या धंद्यात पिल्लू विकणारा, खाद्य विकणारा, लस विकणारा आणि धंद्याच्या वतीने दिल्लीत बोलणारा हे पुष्कळदा एकाच घरचे असतात. जो बोलतो तो खोटे बोलतो असे आमचे म्हणणे नाही. पण तो बोलतो तेव्हा आधी पिल्लू विकणाऱ्याच्या पोटाचे बोलतो, मग शेडवाल्याच्या.

या आवाजाची ताकद किती, याचा मोठा दाखला अमेरिकन तंगडीचा आहे. अमेरिकेत लोकांना कोंबडीची छाती आवडते. तंगडी उरते, ती स्वस्तात जगभर विकायची असते. ती इथे आली असती तर आपला ब्रॉयलरवाला महिन्यात उठला असता. म्हणून आधी शंभर टक्के आयातशुल्काची भिंत उभी राहिली. पुढे २००७ पासून बर्ड फ्लूच्या कारणावरून अमेरिकन कोंबडीमाल बंदच झाला. अमेरिकेने २०१२ साली जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला. २०१४ साली निकाल भारताच्या विरुद्ध गेला, २०१५ साली अपिलातही हरलो. का हरलो, हे नवापूरवाल्यांनी नीट ऐकावे. नवापुरात रोग निघाला तेव्हा सरकारने नवापूरभोवती वर्तुळ आखले. दहा किलोमीटरपलीकडचा माल विकायला मोकळा होता. नागपूरची कोंबडी कोणी अडवली नाही. पण अमेरिकेच्या एका कोपऱ्यात रोग निघाला की सगळ्या अमेरिकेचा माल बंद. घरच्याला एक माप आणि परक्याला दुसरे, हे चालणार नाही, असे पंचांनी म्हटले. अमेरिकेने वर्षाला पंचेचाळीस कोटी डॉलरची भरपाई मागितली. भांडण मिटले ते सप्टेंबर २०२३ मध्ये. त्या तडजोडीत भारताने गोठवलेली टर्की, बदक, काही फळे यांवरचे शुल्क उतरवले. तंगडी बाहेरच राहिली. दावा हरूनही ज्यासाठी भांडलो ते वाचले. आता बोला, कोंबडीचे वजन दिल्लीत किती?

आम्ही हे टीकेच्या सुरात लिहीत नाही. तंगडी अडली हे नवापूरच्या आणि खानदेशातल्या प्रत्येक शेडवाल्याच्या फायद्याचेच झाले.

युरोपातही हेच चालते, फक्त ओसरीवर दिवा लावलेला असतो. ब्रुसेल्सला युरोपीय संघाचे राज्य चालते. तिथे पिल्ले उबवणाऱ्यांच्या, कोंबडी कापणाऱ्यांच्या, शेतकऱ्यांच्या आणि सहकारी संस्थांच्याही युरोपभरच्या संघटनांची कार्यालये आहेत. एक उदाहरण घ्या. अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाच्या पोटात बलक शिल्लक असतो. त्यावर ते दोन-तीन दिवस काढते. म्हणून युरोपच्या २००५ च्या नियमात सवलत आहे : जन्मानंतर ७२ तासांच्या आत पोहोचणार असेल आणि प्रवास २४ तासांहून कमी असेल, तर पिल्लाला वाटेत दाणा-पाणी दिले नाही तरी चालते. डिसेंबर २०२३ मध्ये जनावरांच्या वाहतुकीचे नियम कडक करण्याचा नवा मसुदा आला. प्राणिमित्रांची ओढ एकीकडे, हॅचरीवाल्यांची दुसरीकडे. एका दिवसाची पिल्ले विमानाने जगभर जातात, त्यामुळे तासांच्या आकड्यावर कोट्यवधींचा धंदा अवलंबून. तसेच पिंजऱ्यांचे. पिंजरे बंद करा म्हणून चौदा लाख युरोपीय नागरिकांनी सह्या दिल्या. २०२१ साली तिथल्या आयोगाने कबूल केले की २०२३ पर्यंत प्रस्ताव आणू. २०२३ उलटून गेले, प्रस्ताव आला नाही. सह्या चौदा लाखांच्या, पण ओसरीवर रोज उभा राहणारा वेगळा.

फरक आहे तो एवढाच, की २०११ पासून तिथे नोंदवही आहे. जी संघटना धोरणावर वजन टाकू पाहते तिने आपले नाव, आपले सभासद, आपला खर्च त्यात मांडायचा. २०१४ च्या अखेरीपासून तिथले आयुक्त कोणाला कधी कोणत्या विषयावर भेटले, तेही जाहीर होते. आपल्याकडे असा कायदा नाही. शिष्टमंडळ मंत्र्यांना भेटले, निवेदन दिले, फोटो आला, झालं. निवेदनात काय होते ते पाहायचे तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका आणि वाट पाहत बसा. आम्ही साखरवालेही त्याच अंधारात भेटतो, हे प्रामाणिकपणे लिहून ठेवतो.

आता धाग्याकडे येऊ. कोंबडीच्या खाद्यात निम्म्याहून जास्त मका आणि सुमारे पाव हिस्सा सोयापेंड असते. म्हणजे पिल्लू एकदा घेतले की पुढचा सगळा खर्च आपल्याच शेतमालाचा. मका-सोयाबीन स्वस्त तर शेडवाला खूष, पिकवणारा रडतो. उलटेही तितकेच खरे. २०२१ च्या ऑगस्टच्या सुरुवातीला सोयाबीन क्विंटलला दहा हजारांवर गेले. आपल्या शहादे-तळोदे पट्ट्यातही लोकांनी त्या आशेने पेरले होते. कोंबडी पैदासकारांच्या अखिल भारतीय संघटनेने दिल्लीला सांगितले, धंदा मरतो आहे, बाहेरून पेंड आणू द्या. बाहेरची पेंड म्हणजे जनुक बदललेल्या सोयाबीनची, आणि ते बियाणे आपल्याकडे पेरायला बंदी. मग युक्तिवाद निघाला की पेंड दळलेली असते, उगवत नाही, तेव्हा हरकत नाही. २४ ऑगस्ट २०२१ ला बारा लाख टनांची परवानगी निघाली. सोयाबीन काढणीला यायच्या तोंडावर! ऑक्टोबरपर्यंत भाव जवळजवळ निम्म्यावर आला. नवीन माल बाजारात आला की भाव उतरतोच, सगळे पाप पेंडीचे नाही. पण मुहूर्त कोणी साधला ते दिसतेच. डिसेंबरात सोयाबीनचे वायदे थांबवले, पेंडीच्या साठ्यावर मर्यादा घातली.

त्यानंतर आपली पाळी आली. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राचा आदेश निघाला : उसाच्या रसापासून इथेनॉल बंद. पाऊस कमी, साखर कमी पडेल ही भीती. पुढे आठवड्याभरात सतरा लाख टन साखरेपुरती रस व बी-हेवी मळी वळवायला मोकळीक दिली, पण हंगामाचे गणित विस्कटले ते विस्कटलेच. आपली आसवनी थंडावली की पेट्रोलमध्ये मिसळायचे इथेनॉल कुठून आणायचे? मक्यातून. रसाच्या इथेनॉलला लिटरला ६५ रुपये ६१ पैसे असताना जानेवारी २०२४ पासून मक्याच्या इथेनॉलला ७१ रुपये ८६ पैसे झाले. त्या वर्षी मका हाच देशातल्या इथेनॉलचा सर्वांत मोठा कच्चा माल ठरला. एक टन मक्यातून साधारण ३८० लिटर निघते, म्हणजे किती मका आसवन्यांत गेला असेल याचा अंदाज करा. मक्याचा बाजार आधारभूत भावाच्या वर गेला, मका पिकवणाऱ्याला कधी नव्हे ते दोन पैसे दिसले.

आणि ओसरीवर कोंबडीवाले पुन्हा हजर. शुल्कमुक्त मका आणू द्या, जनुक बदललेलाही चालेल. मक्यावर पन्नास टक्के आयातशुल्क होते. जून २०२४ मध्ये सुमारे पाच लाख टन मका पंधरा टक्के शुल्कात आणायची परवानगी निघाली. मागितले होते त्या मानाने हे थोडे, जनुक बदललेल्या मक्याला तर नकारच. पण एरवी मका निर्यात करणारा देश त्या वर्षी म्यानमार आणि युक्रेनचा मका आणू लागला. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस पुढच्या हंगामासाठी रसावरची बंदी उठली.

गंमत अशी की मक्याची आसवनी चालली की मागे प्रथिनयुक्त चोथा उरतो. तो कोंबडीच्या खाद्यात सोयापेंडीच्या जागी काही प्रमाणात चालतो, आणि स्वस्त पडतो. मग पेंडीला गिऱ्हाईक कमी, आणि २०२४ च्या हंगामात सोयाबीन ४,८९२ रुपयांच्या आधारभूत भावाखाली विकले गेले. उसाचा रस बंद केला दिल्लीत, आणि भाव पडला नंदुरबारच्या बाजार समितीत सोयाबीनचा. त्या वयस्क सभासदांच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. उशीर झाला, क्षमा असावी.

नवापूरची शेवटची गोष्ट सांगायची राहिली. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथे पुन्हा बर्ड फ्लू निघाला, पुन्हा लाखो पक्षी मारावे लागले. भरपाईचा दर अंड्याच्या मोठ्या कोंबडीला ९० रुपये, मांसाच्या कोंबडीला ७०, अंड्याला ३. पण ही भरपाई सरकारने मारलेल्या पक्ष्याची. रोगाने आधीच मेलेल्या पक्ष्याचे काही मिळत नाही. ज्याच्या शेडमध्ये रोग पहिल्यांदा शिरला, त्याचे नुकसान सर्वांत जास्त आणि भरपाई सर्वांत कमी. रोग वेळेवर कळवणाऱ्यालाच फटका, हे उफराटे आहे हे शेडवाल्याला कळते, पशुवैद्यकालाही कळते. तंगडी अडवण्यासाठी जेवढा जोर लागला त्याच्या निम्मा जोर या एका नियमावर लागला असता तर तो बदलला असता, असे आमचे मत आहे. पण हे दुखणे पायथ्याचे. ब्रॉयलरच्या करारपद्धतीतही तेच : पिल्लू कंपनीचे, खाद्य कंपनीचे, शेड-वीज-पाणी-मजुरी आपली. बाजार पडला की पुढची बॅच लांबते आणि शेड रिकामे राहते. त्या रिकाम्या शेडवर बँकेचा हप्ता मात्र चालू असतो. ते निवेदन टाईप करायला दिल्लीत कोणी बसलेले नाही.

आपल्या सभासदांपैकी बऱ्याच जणांच्या घरात ऊस, मका, सोयाबीन तिन्ही आहे, आणि काहींच्या बांधावर शेडही आहे. म्हणजे एकाच माणसाला मका महागही हवा आणि स्वस्तही. साखर संघाकडे आपले म्हणणे पाठवायचे तर किती घरांची ही स्थिती आहे ते आकड्यात सांगावे लागेल. तेव्हा येत्या हंगामाच्या ऊस नोंदीला आपल्या गटाचे शेती मदतनीस येतील, त्यांना उसाच्या क्षेत्राबरोबर मका किती, सोयाबीन किती आणि शेडमध्ये पक्षी किती हेही सांगावे. नोंदवहीत त्यासाठी एक रकाना वाढवून घेत आहोत.